पोल्ट्रीचा वास कुणाच्या घरापर्यंत जातो? त्याचा नकाशा असा काढतात

गावाजवळ पोल्ट्रीचं मोठं शेड झालं की ग्रामसभेत वाद ठरलेला. शेडवाला म्हणतो, अंतर सोडलंय. वस्तीवरचे म्हणतात, दारं लावून झोपावं लागतं. दोघंही खरं बोलत असतात, कारण अंतर मोजलं म्हणजे हवा मोजली असं होत नाही.

नियम काय?
केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे नवी पोल्ट्री निवासी वस्तीपासून 500 मीटर लांब हवी. हवेतल्या अमोनियाची मर्यादा 24 तासांच्या सरासरीला 400 आणि वर्षाच्या सरासरीला 100 मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर आहे.

हवेत काय जातं?
कोंबडीच्या विष्ठेपासून अमोनिया तयार होतो. खाली अंथरलेलं तूस ओलं झालं की तो वाढतो. सोबत पिसांची, खाद्याची धूळ असते. अमोनिया हवेतल्या आम्लांशी मिसळून बारीक कणही बनतात आणि ते लांबवर जातात.

नकाशा कसा काढतात?
गट नकाशावर शेड, घरं, शाळा, अंगणवाडी मांडतात. वेगवेगळ्या अंतरावर अमोनिया शोषणाऱ्या छोट्या नळ्या दोन-तीन आठवडे टांगतात. एक नळी तुलनेसाठी शेडपासून लांब, वाऱ्याच्या वरच्या बाजूला. मग वाऱ्याची नोंद जोडतात. पावसाळ्यात आपल्याकडे वारा पश्चिमेकडून येतो, म्हणजे त्रास शेडच्या पूर्वेला. हिवाळ्यात रात्री वारा पडतो, थंड हवा खाली बसते आणि वास सखल भागात साचतो. म्हणून खरा नकाशा गोल नसतो, एका अंगाला लांबट निघतो. 500 मीटरच्या बाहेरचं घर त्यात येऊ शकतं, आतलं सुटू शकतं.

उपग्रहावरून दिसतं का?
2018 मध्ये ‘नेचर’मधल्या अभ्यासात उपग्रहावरून जगभरात अमोनियाची 248 ठिकाणं सापडली, त्यातली 83 दाट पशुपालनाशी जोडलेली. पण उपग्रहाचा एक ठिपका सुमारे 12 किलोमीटरचा. शेड कुणाचं ते त्यात कळत नाही.

गावानं काय करावं?
एक वही घाला. तारीख, वेळ, वारा कुठून, वास किती. शेडवाल्यानंही बॅच कधी भरली, तूस कधी बदललं ते लिहावं. दोन वह्या शेजारी ठेवल्या की कारण सापडायला सोपं जातं. बऱ्याचदा ते ओल्या तुसातच असतं. जोडधंदाही टिकला पाहिजे आणि शेजाऱ्याची झोपही. तक्रार प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे न्यायची वेळ आलीच, तर ही वही सोबत न्या.