डिस्कचा सातबारा: ६४ बाइट्सची गोष्ट

मीरा रोडहून मी बोलतोय, आणि आजची गोष्ट आहे फक्त ६४ बाइट्सची.

आमच्या शांतीनगरात पत्ता सांगताना आधी सेक्टर सांगावा लागतो. हार्ड डिस्कचंही तसंच. जुन्या डिस्कवर एका सेक्टरात ५१२ बाइट्स मावतात. अगदी पहिल्या सेक्टरात कॉम्प्युटर सुरू करणारा छोटा प्रोग्राम असतो आणि त्याच्यामागे पार्टिशन टेबल: कोणता भाग कुठून सुरू होतो आणि केवढा आहे. थोडक्यात, डिस्कचा सातबारा.

ही पद्धत आयबीएम पीसीवर १९८३ साली डॉस २.० सोबत आली. चार नोंदी, प्रत्येकी १६ बाइट्स, झाले ६४. आणि प्रत एकच!

व्हायरस लिहिणाऱ्यांनी हीच दुखरी नस पकडली. १९९१ मध्ये मायकेलएंजेलो व्हायरस सापडला. फ्लॉपीतून यायचा, पहिल्या सेक्टरात ठाण मांडायचा आणि ६ मार्चला, म्हणजे त्या चित्रकाराच्या जन्मदिवशी, कॉम्प्युटर सुरू केला की डिस्कच्या सुरुवातीच्या भागावर कचरा लिहायचा. पुण्यात कैलाश काटकर यांचं दुरुस्तीचं दुकान होतं. त्यांचे धाकटे भाऊ संजय यांनी याच व्हायरसवर उपाय लिहिला. त्यातूनच पुढे क्विक हील उभं राहिलं.

पण मला खरा धडा वाटतो तो मंकी व्हायरसचा. तो मूळ टेबल जागेवर ठेवायचाच नाही, सांकेतिक रूपात दुसरीकडे लपवायचा. त्या काळी 'एफडिस्क /एमबीआर' ही कमांड रामबाण समजली जायची. ती सुरुवातीचा प्रोग्राम नवा लिहिते, टेबलला हात लावत नाही. पण इथे टेबल जागेवर नव्हतंच! कमांड दिली की व्हायरस जायचा, आणि डॉसला अख्खी डिस्कच दिसेनाशी व्हायची. डेटा मात्र तिथेच पडून असायचा.

आता नव्या डिस्कवर जीपीटी असतं: टेबलच्या दोन प्रती, एक सुरुवातीला, एक शेवटी, शिवाय बिघाड ओळखायला चेकसम. पण तुमच्या फोनच्या मेमरी कार्डात बहुधा अजून तो १९८३चाच तक्ता आहे.

म्हणून सांगतो. आजोबांचा आवाज, ताईच्या लग्नाचे फोटो असलेली डिस्क लावली आणि स्क्रीनवर 'फॉरमॅट करा' किंवा 'इनिशियलाइझ करा' असं आलं, तर थांबा. सातबारा हरवला म्हणून शेत वाहून जात नाही. त्यावर नांगर तेवढा फिरवू नका. आधी अख्ख्या डिस्कची सेक्टरवार नक्कल दुसऱ्या डिस्कवर घ्या. मग त्या नकलेवर टेस्टडिस्क चालवा. ख्रिस्तोफ ग्रेनिए यांचा हा मोफत प्रोग्राम डिस्क चाळून हरवलेल्या पार्टिशनच्या खुणा शोधतो. डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर मात्र लगेच बंद करा आणि जाणकाराकडे न्या.

आणि बॅकअप? तो आजच घ्या. भेटू पुढच्या भागात!