पुढून बसलेली गाडी : फियाट, अँबॅसॅडर आणि आखूड होणारी स्प्रिंग

#धागा

१/ २०२३ च्या ऑक्टोबरअखेरीस मुंबईतील शेवटची नोंदणीकृत प्रीमियर पद्मिनी टॅक्सी निवृत्त झाली. तिची नोंदणी २९ ऑक्टोबर २००३ ची होती आणि टॅक्सीला ठरवून दिलेली वीस वर्षांची मर्यादा पुरी झाली होती. या काळ्या-पिवळ्या गाडीचे उतारवयातील रूप अनेकांना आठवत असेल: मागचा भाग उंच, नाक खाली. गॅरेजच्या भाषेत, ‘पुढून बसलेली’ गाडी.

२/ गाडी पुढून का बसते, याची दोन उत्तरे हमखास मिळतात. पहिले, ‘शॉकअप गेले’. दुसरे, ‘स्प्रिंग मऊ झाली’. पहिले उत्तर जवळजवळ नेहमीच चुकीचे असते आणि दुसरे बहुतेक वेळा. खरे उत्तर समजून घेण्यासाठी सतराव्या शतकातील लंडनपासून कुर्ल्याच्या कारखान्यापर्यंत यावे लागेल.

३/ रॉबर्ट हूकने १६७६ साली स्प्रिंगचा आपला नियम अक्षरांची उलटापालट करून, कोड्याच्या रूपात छापला. शोधाचे श्रेय राखायचे, पण गुपित फोडायचे नाही, अशी त्या काळची रीत होती. १६७८ साली त्याने कोडे उलगडले. नियम साधा आहे: जितका भार, तितकी स्प्रिंग दबते. भार दुप्पट केला की दबणेही दुप्पट. भार काढला की स्प्रिंग मूळ लांबीवर परतते.

४/ कॉइल स्प्रिंगचा कडकपणा चार गोष्टींवर ठरतो: तारेची जाडी, वेढ्याचा व्यास, वेढ्यांची संख्या आणि पिळाला विरोध करण्याचा पोलादाचा अंगभूत गुण. या यादीत ‘वय’ नाही. पोलादाचा तो गुण तीस वर्षांतही लक्षात येण्याइतका बदलत नाही. स्प्रिंग मऊ व्हायची असेल तर तार झिजली किंवा गंजली पाहिजे.

५/ गंजाचा परिणाम मात्र जबर असतो. तारेच्या जाडीचा परिणाम चौथ्या घाताने होतो. म्हणजे तार एक दशांशाने बारीक झाली तर कडकपणा दोन तृतीयांशांच्या आसपास येतो. शिवाय गंजाच्या खड्ड्यातूनच तडा सुरू होतो. समुद्राकाठच्या शहरात, चार महिन्यांच्या पावसात चालणाऱ्या गाडीच्या बाबतीत हे विसरता येत नाही.

६/ पण तार शाबूत असूनही गाडी बसते, ती कशी? पुस्तकांच्या ओझ्याने वाकलेली लाकडी फळी आठवा. पुस्तके काढली तरी ती थोडी वाकलेलीच राहते. तरीही तिच्यावर नवे पुस्तक ठेवले तर ती पूर्वीइतकीच आणखी दबते. फळी मऊ झालेली नसते, तिची सुरुवातीची जागा बदललेली असते. सततच्या ताणाखाली पोलादाच्या आतील रचनाही अशीच कणाकणाने सरकते. परिणामी स्प्रिंग आखूड होते.

७/ म्हणूनच चांगले कारखाने नवी स्प्रिंग तयार होताच एकदा मुद्दाम मर्यादेपलीकडे दाबतात. जे बसणे पुढे व्हायचे, त्यातील मोठा भाग तेथेच उरकून घेतला जातो आणि मगच स्प्रिंग गाडीत जाते. हा टप्पा टाळून बनवलेली स्वस्त स्प्रिंग दिसायला हुबेहूब असते, पण रस्त्यावर लवकर बसते.

८/ आता प्रश्न असा की ही तक्रार पुढच्याच बाजूला एवढी ठळक का? याचे उत्तर १९३० च्या दशकात आहे. तोवर बहुतेक मोटारींना पुढेही बैलगाडीच्या आसासारखा एकसंध अ‍ॅक्सल आणि त्यावर ताठ पाटे असत. मॉरिस ऑली हा इंग्रज अभियंता १९३० साली रोल्स-रॉइसमधून अमेरिकेत कॅडिलॅककडे गेला. तेथील प्रयोगांतून त्याने दाखवून दिले की पुढच्या स्प्रिंगा मागच्यांपेक्षा मऊ असल्या तर प्रवास सुखाचा होतो.

९/ तशी मऊ स्प्रिंग एकसंध अ‍ॅक्सलवर नीट चालत नव्हती. त्यामुळे पुढची दोन्ही चाके स्वतंत्रपणे टांगावी लागली. १९३४ साली जनरल मोटर्सने आपल्या काही गाड्यांना विशबोन आणि कॉइल स्प्रिंग असे पुढचे सस्पेन्शन दिले. आज आपण जिला आरामदायी गाडी म्हणतो, तिची सुरुवात येथे झाली. गाडी पुढून बसण्याची तक्रारही याच सुखाबरोबर वाढली.

१०/ हिशेब पाहा. जी गाडी आपल्या स्प्रिंगांवर सेकंदाला दोनदा हिंदकळते, तिच्या स्प्रिंगा केवळ गाडीच्या वजनाने सुमारे ६ सेंटिमीटर दबलेल्या असतात. सेकंदाला एकदाच, संथपणे हिंदकळणाऱ्या गाडीत हेच दबणे सुमारे २५ सेंटिमीटर असते. पोलादाने पाच टक्के हार मानली तर पहिली गाडी ३ मिलिमीटर बसते, दुसरी १२ मिलिमीटरहून अधिक. पहिलीचे बसणे डोळ्यांना दिसतही नाही.

११/ मऊ स्प्रिंगला त्याच काळात एक भावंड मिळाले: टॉर्शन बार. पोलादाची सरळ कांब, एक टोक गाडीच्या सांगाड्यात घट्ट, दुसरे चाकाच्या आर्मला. चाक वर गेले की कांब पिळली जाते. फर्डिनांड पोर्शे यांनी १९३१ साली या रचनेचे पेटंट घेतले. १९३४ च्या सित्रोएन ट्रॅक्शन अव्हांमध्ये आणि अ‍ॅलेक इसिगोनिस यांच्या १९४८ च्या मॉरिस मायनरमध्ये पुढे टॉर्शन बारच होते.

१२/ या दोन्ही वाटा भारतात आल्या. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ला येथील कारखान्यातून फियाट ११०० निघाली. पुढे १९६४ मध्ये तिची ‘डिलाइट’ झाली आणि १९७४ नंतर ‘पद्मिनी’. तिला पुढे कॉइल स्प्रिंगा होत्या. बिर्लांच्या हिंदुस्थान मोटर्सने उत्तरपाड्यात मॉरिस ऑक्सफर्ड सिरीज ३ वरून अँबॅसॅडर घडवली. तिला पुढे टॉर्शन बार होते.

१३/ वरवर पाहता या दोन वेगळ्या जाती वाटतात. पण कॉइल स्प्रिंग दाबली जाते तेव्हा तिची तार प्रत्यक्षात पिळलीच जाते. कॉइल स्प्रिंग म्हणजे गुंडाळून ठेवलेला टॉर्शन बार. फियाट आणि अँबॅसॅडर यांच्या पुढच्या चाकांखाली एकच तत्त्व काम करत होते आणि दोघींची दुखणीही एकाच मुळाची होती. उपाय मात्र वेगळे होते.

१४/ उपायाआधी निदान. नाक खाली दिसते म्हणून पुढची स्प्रिंग दोषी, असा निवाडा लगेच देऊ नये. मागे जादा पाटा घातला की शेपूट उचलले जाते आणि निर्दोष नाकही बसलेले दिसते. उलट, अनेक मुंबई टॅक्सींप्रमाणे डिकीत सीएनजीची टाकी असेल तर मागचा भाग दबतो आणि पुढचे बसणे झाकले जाते. पुढची बाजू मागच्या बाजूशी ताडून पाहणे म्हणजे एका चुकलेल्या घड्याळावरून दुसरे लावणे.

१५/ म्हणून मापन. गाडी सपाट जमिनीवर, चारही टायरांत ठरलेली हवा, डिकी रिकामी. पुढून दोनचार वेळा दाबून सोडावी आणि थोडी ढकलून पुढे न्यावी, म्हणजे सांध्यांतील अडकलेले घर्षण सुटते. मग चाकाच्या मध्यबिंदूपासून मडगार्डच्या काठापर्यंत दोन्ही बाजूंचे अंतर मोजावे. जमिनीपासून आर्मच्या आतल्या खिळीची उंचीही मोजावी, कारण अपघातानंतर ठोकून बसवलेले मडगार्ड खोटी साक्ष देते.

१६/ गाडी एका कुशीवर झुकली असेल तर जुनी, पण अचूक कसोटी आहे. पुढच्या क्रॉस मेंबरच्या बरोबर मध्याखाली जॅक लावून चाके जेमतेम सुटेपर्यंत गाडी उचलावी. आता तिचा तोल फक्त मागच्या स्प्रिंगांवर आहे. कल कायम राहिला तर दोष मागे, नाहीसा झाला तर पुढे. नुसत्या जॅकवरील गाडीखाली मात्र कोणीही शिरू नये.

१७/ यानंतर इतर संशयित पाहावेत. बुशचे रबर चेपले आहे का? स्प्रिंगचा शेवटचा वेढा तुटून आत बसला आहे का? स्प्रिंग ज्या वाटीत बसते तो पत्रा गंजून दबला आहे का? १९५३ ची फियाट ११०० ही वेगळी चासी नसलेली, अंगानेच भार पेलणारी गाडी होती. अशा गाडीत पत्रा खचला तर नवी स्प्रिंगही त्याच खड्ड्यात बसणार.

१८/ आणि शॉकअप? त्याचे काम हेलकावे शमवणे. साधा तेलाचा शॉकअप गाडीचे वजन पेलतच नाही. तो काढून टाकला तरी उभ्या गाडीची उंची तीच राहते. गेलेला शॉकअप बदललाच पाहिजे, परंतु त्याने बसलेली गाडी वर येईल ही आशा व्यर्थ आहे. या एका गैरसमजापायी कित्येकांनी आधी शॉकअपचे पैसे मोजले आणि मग स्प्रिंगचे.

१९/ ‘चालते आहे ना, मग चालू द्या’ हा विचार येथे धोक्याचा. नाक बसले की विशबोनच्या रचनेमुळे चाकांचे माथे आत झुकतात आणि टायर आतल्या कडेने झिजतो. चाकांचा सरळपणा बिघडून स्टिअरिंग भरकटते. बंप स्टॉपरच्या रबरापर्यंतचे अंतर उरत नाही, त्यामुळे खड्ड्याचा घाव थेट सांगाड्यावर बसतो. हेडलाइटचा झोत जवळच पडतो. भाड्यावर पोट असणाऱ्या टॅक्सीवाल्याच्या दृष्टीने हा टायरचा खर्चही होता आणि जिवाचा प्रश्नही.

२०/ अँबॅसॅडरसारख्या गाडीत उपाय कोनाचा असतो. बारच्या टोकाला दातेरी खाचा असतात. बार सोडवून एखादा दात पुढे बसवला की गाडी वर येते. क्रायस्लरने १९५७ मध्ये पुढच्या टॉर्शन बारना उंची जुळवण्याचा स्क्रूच दिला होता. हा उपाय टिकतो, कारण बार मऊ झालेलाच नसतो. फक्त डावा बार उजवीकडे लावू नये. प्रत्येक बार कारखान्यात एकाच दिशेला पिळून मुरवलेला असतो. उलट पिळला तर तो लवकर बसतो किंवा तुटतो.

२१/ फियाटसारख्या गाडीत योग्य उपाय म्हणजे दोन्ही बाजूंच्या नव्या, मूळ मापाच्या स्प्रिंगा. स्प्रिंगच्या टोकाखाली पॅकिंग घालणे हा तात्पुरता तोडगा. त्याने उंची मिळते, पण वेढे एकमेकांना भिडण्याआधीची जागा कमी होते. वेढ्यांच्या मध्ये रबर ठोकणे त्याहून वाईट: आठ वेढ्यांपैकी एक निकामी झाला तर कडकपणा सुमारे १४ टक्के वाढतो आणि ताण एका जागी साचतो.

२२/ सर्वांत घातक उपाय म्हणजे गॅसने तापवून स्प्रिंग ताणणे. पाट्यांना पुन्हा कमान देण्याची लोहारी विद्या जुनी आणि आपल्या जागी मान्य आहे. तीच सवय कॉइलवर आली. स्प्रिंगच्या पोलादाचे बळ ते तापवून, बुडवून आणि पुन्हा बेताने तापवून आणलेले असते. लालबुंद होताच त्या जागी ते बळ जाते. अशी स्प्रिंग गॅरेजमधून उंच निघते आणि काही दिवसांत बसते किंवा मोडते.

२३/ दबलेल्या कॉइलमध्ये हाडे मोडण्याइतकी शक्ती साठलेली असते. ती योग्य कॉम्प्रेसरशिवाय सोडवू नये. बसवताना आणखी एक पथ्य: रबरी बुशांचे बोल्ट गाडी स्वतःच्या चाकांवर उभी असतानाच अखेरचे आवळावेत. चाके लोंबकळत असताना आवळले तर रबर कायमचे पिळलेले राहते, उंची चुकीची दाखवते आणि लवकर फाटते. शेवटी व्हील अलाइनमेंट करावे आणि हेडलाइट जुळवून घ्यावेत.

२४/ पद्मिनीचे उत्पादन या शतकाच्या आरंभी थांबले, अँबॅसॅडरचे २०१४ मध्ये. ज्यांच्या दारात यांपैकी एखादी अजून उभी आहे, त्यांनी एवढे करावे: स्प्रिंगा नव्या बसवल्या की काहीशे किलोमीटरनंतर चारही कोपऱ्यांची उंची मोजून गाडीच्या कागदपत्रांत तारखेसह लिहून ठेवावी. पोलाद इतके हळू सरकते की रोज पाहणाऱ्याला त्याचे सरकणे कळत नाही. दहा वर्षांनी तो एक आकडा कोणत्याही मिस्त्रीच्या अंदाजापेक्षा खरे बोलेल.

(धागा समाप्त)