शर्यतीच्या मोटारीची कमान

वेगवान मोटारीची गोष्ट निघाली की बहुधा एंजिनाचेच गुणगान होते. अश्वशक्ती किती, ताशी वेग किती, हे प्रश्न शाळकरी मुलेही विचारतात. परंतु एंजिनाची सारी शक्ती अखेर चार टायरांच्या जमिनीवर टेकलेल्या, तळहाताएवढ्या चार जागांतूनच कामास येते. तो स्पर्श सुटला, तर हजार अश्वशक्तीही निरुपयोगी. आजचा माझा विषय हा स्पर्श टिकविणाऱ्या यंत्रणेचा, म्हणजे कमानींचा व त्यांच्या सोबत्यांचा आहे.

एकच क्रीडामोटार रस्त्यावर सुखाने चालावी आणि शर्यतमार्गावरही चमकावी, अशी ज्यांची हौस असते, ते प्रथम या भागास हात घालतात. त्यांची समजूत बहुधा अशी असते की, कमान जितकी ताठ, तितकी मोटार शर्यतीची. ही समजूत एके काळी मोठमोठ्या कारखान्यांचीही होती. ती कशी ढासळली, आणि ढासळल्यावरही धोक्याचा एक अंश कसा मागे राहिला, हा इतिहास मोटार नसलेल्या मनुष्यानेही ऐकण्यासारखा आहे.

मोटारीने आपली कमान घोडागाडीकडून उसनी घेतली. पोलादी पाटे एकावर एक बांधून केलेल्या लंबवर्तुळाकार कमानीचे पेटंट ओबाडाया इलियट नावाच्या इंग्रजाने १८०४ साली घेतले. कमान धक्का झेलते खरी, पण झेललेला धक्का ती परत करते. आपल्या घरातील झोपाळा एकदा हलविला की हलतच राहतो. पाय जमिनीला घासावा तेव्हा थांबतो. मोटारीच्या कमानीलाही असा घासणारा पाय लागतो. त्यालाच आपण शॉक ॲब्सॉर्बर म्हणतो. प्रारंभी तो घर्षणाच्या चकत्यांचा असे; पुढे तेलाचा आला. कमान भार वाहते आणि शॉक ॲब्सॉर्बर तिची चंचलता आवरतो, हा भेद ध्यानात ठेवला म्हणजे पुढील कथा समजण्यास अडचण पडणार नाही.

१९२० नंतरच्या दशकातील क्रीडामोटारी पाहिल्या तर त्यांच्या कमानी अतिशय ताठ असत. फ्रान्समधील ल मान येथील चोवीस तासांची शर्यत १९२४ साली, आणि पुन्हा १९२७ ते १९३० अशी सलग चार वर्षे जिंकणाऱ्या इंग्रजी बेंटले मोटारी याच कुळातील. ताठपणास कारण होते. दोन लांब पट्ट्यांचा त्यांचा सांगाडा पिळला जाई, आणि दोन्ही चाके एकाच अखंड आसाला जखडलेली असत. कमान सैल सोडली तर आस डगमगे व सुकाणू हातात थरथरे. म्हणून कमान आवळून ठेवीत आणि तिचे काम वाकणाऱ्या सांगाड्याकडून करून घेत. चार पायांचा चौरंग ओबडधोबड फरशीवर ठेवला की तो तीन पायांवर उभा राहतो व चौथा अधांतरी राहतो. तीच या मोटारीची गत. अधांतरी चाक वळवीत नाही आणि ब्रेकही लावू देत नाही.

प्रत्येक चाकाला स्वतंत्रपणे वरखाली होऊ द्यावे, हा यावरील उपाय. शर्यतपटू म्हणून नाव मिळविलेल्या व्हिन्चेन्झो लान्चिया या इटालियन कारखानदाराने १९२२ साली दाखविलेल्या ‘लाम्ब्डा’ मोटारीत पुढची चाके स्वतंत्र होती, आणि सांगाडा व पेटी एकजीव केलेली होती. पुढे अमेरिकेत मॉरिस ऑली या इंग्रज अभियंत्याने जनरल मोटर्समध्ये एका मोठ्या मोटारीवर हलविता येणारी वजने चढवून, प्रवाशाला कोणती हालचाल सुखाची वाटते, याचे पद्धतशीर प्रयोग केले. पुढची कमान मागच्यापेक्षा मऊ असावी, हा त्यांतून निघालेला निष्कर्ष जुन्या रीतीच्या नेमका उलट होता. १९३४ सालापासून त्या कारखान्याच्या मोटारींना पुढची स्वतंत्र चाके मिळू लागली. तरीही लोक म्हणत, हे सारे आरामासाठी; शर्यतीला ताठपणाच हवा.

या आक्षेपाचे उत्तर जर्मनीत मिळाले. १९३४ साली शर्यतीसाठी नवा नियम आला. चालक, इंधन व टायर वगळून मोटारीचे वजन ७५० किलोंहून अधिक असू नये, असा तो नियम होता. मर्सिडीज-बेंझने त्यासाठी बांधलेल्या मोटारीची चारही चाके स्वतंत्र होती. पण कमानी ताठ आणि चाकांना हालचालीस वाव अगदी थोडा. म्हणजे शरीर नवे, परंतु विचार जुना. एंजिनाची शक्ती वाढवीत गेले तशी मोटार अधिकच अनावर होत गेली, आणि १९३६ च्या हंगामात कारखान्यास मध्येच माघार घ्यावी लागली.

अशा वेळी शर्यत विभागाचे तांत्रिक काम रुडॉल्फ ऊलेनहाउट या अवघ्या तीस वर्षांच्या अभियंत्याकडे आले. त्याचा जन्म १९०६ साली लंडनचा. आई इंग्रज, वडील जर्मन. चालकांच्या तक्रारी ऐकून कागदावर अनुमान बांधण्याऐवजी हा गृहस्थ स्वतःच मोटारीत बसला, आणि डोंगराळ, वळणावळणांच्या न्युर्बुर्गरिंग मार्गावर ती पुनःपुन्हा चालवून त्याने पाहिली. त्याला दिसले ते असे: कमानी जवळजवळ हलतच नाहीत, सांगाडा मात्र वाकतो, आणि चाके जमीन सोडून उड्या मारतात.

१९३७ ची नवी मोटार, डब्ल्यू १२५, या निरीक्षणातून घडली. सांगाडा अंडाकृती पोलादी नळ्यांचा व पूर्वीपेक्षा पुष्कळ कणखर केला. कमानी मऊ केल्या, चाकांना वरखाली होण्यास भरपूर वाव दिला, आणि त्या हालचालीवर शॉक ॲब्सॉर्बरचा चांगला वचक बसविला. मागे, जुन्या काळातील फ्रेंच सरदार द दियों याच्या नावाचा आस घेतला. त्यामुळे चाके कितीही वरखाली झाली तरी उभीच राहत. जवळजवळ सहाशे अश्वशक्तीची ही मोटार हेरमान लांगने आपल्या पहिल्याच शर्यतीत, ट्रिपोली येथे, विजयी केली. न्युर्बुर्गरिंगवरील जर्मन ग्रां प्री रुडॉल्फ काराचिओलाने जिंकली आणि त्या वर्षीचे युरोपीय अजिंक्यपदही त्याचेच झाले. मऊ कमान आणि कणखर सांगाडा ही जोडी शर्यतीतच अधिक उपयोगी पडते, हे जगाने पाहिले.

येथे कथा संपती तर बरे होते. पण महायुद्धानंतर, साधनांची चणचण असताना, त्याच कारखान्याने ‘३०० एसएल’ ही क्रीडामोटार आपल्या मोठ्या प्रवासी मोटारीचे भाग घेऊन जुळविली. १९५२ साली तिने ल मानची शर्यत जिंकली, आणि १९५४ साली, पक्ष्याच्या पंखांसारखी वर उघडणारी दारे घेऊन, ती विक्रीस आली. तिचा मागचा आस मात्र डोलता होता: मध्याजवळच्या सांध्यातून निघालेले दोन अर्धे आस व त्यांच्या टोकांशी चाके. छत्री मिटताना काड्या जशा आत वळतात, तशी गाडीचा मागचा भाग उचलला की ही चाके खालून आत वळत. वेगात वळण घेताना चालकाने दचकून एकाएकी वेगपट्टीवरून पाय काढला, तर भार पुढे जाई, मागचा भाग उचलला जाई, चाके कलत आणि शेपटी बाहेर फेकली जाई. कसलेल्या शर्यतपटूला हे सांभाळता येई. पण दुकानातून मोटार घेणारा प्रत्येक धनिक काही शर्यतपटू नव्हता; आणि भीती वाटताच पाय काढणे ही तर मनुष्याची उपजत प्रवृत्ती.

सुधारणा शर्यतीतूनच आली. १९५४ व १९५५ च्या मर्सिडीजच्या शर्यतमोटारींत डोलत्या आसाचा सांधा एकच करून खूप खाली नेला होता. १९५७ साली ३०० एसएलची उघड्या टपाची आवृत्ती निघाली, तिला हाच खालचा सांधा दिला. शिवाय दोन्ही अर्ध्या आसांना जोडणारी एक आडवी स्प्रिंग बसविली. ही स्प्रिंग भार पेलण्यास साहाय्य करी, पण वळणावर गाडी कलताना मागच्या बाजूचा ताठपणा वाढवीत नसे. त्यामुळे मोटार पूर्वीपेक्षा पुष्कळ समंजस झाली. या बदलाचा लाभ निष्णात चालकास झालाच, परंतु खरा लाभ दचकणाऱ्या चालकास झाला.

आज आपल्याकडेही हौशी तरुण उंची कमीजास्त करता येणाऱ्या स्प्रिंगा बसवितात, गाडी जमिनीसरशी आणतात, आणि चेन्नईजवळच्या किंवा कोइमतूरच्या शर्यतमार्गावर ती नेतात. या हौसेस माझा विरोध नाही. परंतु इतिहासाने घालून दिलेला क्रम त्यांनी पाळावा. आधी टायर, सांधे व त्यांतील रबरे ठीक आहेत का पाहावे. मग चांगले शॉक ॲब्सॉर्बर घ्यावेत. नंतर त्यांना साजेल तेवढीच स्प्रिंग ताठ करावी. गुळगुळीत शर्यतमार्गावर थोडा ताठपणा फळतो, हे खरे. पण गाडी इतकी खाली आणू नये की चाकाला हालण्यास जागाच उरणार नाही. तसे झाले तर ती १९३६ ची मोटार होईल. शर्यतमार्गावर खड्डा नसतो आणि समोरून बैलगाडी येत नाही. आपल्या रस्त्यावर पावसाळ्यानंतर दोन्ही भेटतात, आणि तेथे चाक उडाले तर त्याची किंमत एकटा चालक देत नाही.

एक भाग बदलला की शेष भागांशी त्याचे नाते बदलते. ऊलेनहाउटने कमान मऊ केली, ती सांगाडा कणखर करूनच. ज्याला आपली गाडी सुधारावयाची आहे, त्याने प्रथम तीत बसून ती कोठे जमीन सोडते हे शोधावे, आणि मगच पाना हाती घ्यावा.