जॅक्सनव्हिलची न मिळालेली ट्रॉफी

अमेरिकेला गेलेला आपला माणूस नायगारा बघतो, न्यूयॉर्कला पुतळ्यासमोर फोटो काढतो आणि परत आल्यावर ते फोटो चार घरी दाखवतो. २०२२ च्या मे महिन्यात रमजान ईद करून मी आपाकडे शार्लटला गेलो, तेव्हा माझ्या वहीत पत्ते होते ते मोटारींच्या शर्यतीच्या ट्रॅकचे. दूल्हाभाई हसले. भाचा खूश झाला, कारण हे वेड त्यानेच मला लावलं होतं. जुन्या शर्यतींचे व्हिडिओ तो इकडे पाठवायचा आणि मी शाळेच्या पेपरांचे गठ्ठे बाजूला सारून बघत बसायचो.

‘स्टॉक कार’ म्हणजे दुकानात विकायला ठेवलेली गाडी. कारखान्यातून जशी आली तशीच गाडी पळवायची, ही मूळ कल्पना. आजच्या गाड्यांत त्यातलं फार काही उरलेलं नाही. दिसायला नेहमीच्या मोटारीसारखी, आतून निव्वळ शर्यतीचं यंत्र. नॅसकार ही संस्था बिल फ्रान्स यांच्या पुढाकाराने १९४८ साली स्थापन झाली. पण खेळ त्याआधीचा. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या डोंगरांत चोरून दारू गाळली जायची आणि रात्री पोलिसांना चुकवत शहरात पोचवली जायची. त्यासाठी साध्या दिसणाऱ्या पण भन्नाट पळणाऱ्या गाड्या लागत. कोणाची गाडी जास्त पळते हे ठरवायला ही पोरं रविवारी शेतात गोल फिरू लागली. दारूच्या थेंबाला न शिवलेला मी अशा खेळाचा चाहता झालो, यावर आपा काय म्हणाली ते इथे लिहीत नाही.

या वाहतुकीचं गाव म्हणजे नॉर्थ कॅरोलायनातलं विल्क्स परगणा. तिथला नॉर्थ विल्क्सबरो ट्रॅक १९४७ चा. १९९६ नंतर मोठी शर्यत तिथून गेली आणि ट्रॅकवर गवत माजलं. मी गेलो तेव्हा डागडुजी सुरू झाली होती, फाटक बंद होतं, पण बाहेरून उतार स्पष्ट दिसत होता. या ट्रॅकची एक बाजू उताराची आणि दुसरी चढाची आहे. म्हणतात की बांधणाऱ्यांचे पैसे सपाटीकरणाआधीच संपले. भाच्याला मी पुणे जिल्ह्यातल्या बैलगाड्यांच्या घाटाचं सांगितलं. तिथेही बैल चढ चढत पळतात आणि दोन्ही बाजूंना माणसं बसलेली असतात. ज्युनियर जॉन्सन हा इथलाच. १९५६ साली बापाच्या दारूभट्टीवर तो पकडला गेला, अकरा महिने तुरुंगात काढले, बाहेर येऊन पुन्हा शर्यती जिंकल्या. एकूण ५० जिंकल्या. १९८६ मध्ये अध्यक्ष रेगन यांनी त्याला माफी दिली. आज तो तिकडच्या लोकांचा लाडका नायक आहे. पुढे येणाऱ्या माणसाशी ताडून बघायला हे लक्षात ठेवा.

साउथ कॅरोलायनातला डार्लिंग्टन ट्रॅक मला सगळ्यांत आवडला. हॅरल्ड ब्रासिंग्टन नावाच्या माणसाने शेतजमिनीवर तो बांधला आणि १९५० मध्ये तिथे पहिली ५०० मैलांची शर्यत झाली. ७५ गाड्या एकदम सुटल्या होत्या. जमीन देणाऱ्याची अट एकच होती, की त्याच्या छोट्या माशांच्या तळ्याला हात लावायचा नाही. म्हणून ट्रॅकचं एक टोक आवळावं लागलं आणि आकार अंड्यासारखा झाला. त्या अंड्यामुळे आजही मोठमोठे ड्रायव्हर घामाघूम होतात, कारण एका वळणाला जुळवलेली गाडी दुसऱ्या वळणावर रुसते. सगळे भिंतीला अगदी चिकटून पळतात आणि भिंतीला घासल्याचे काळे पट्टे गाडीच्या उजव्या अंगावर घेऊन येतात. त्याला तिकडे मान आहे. कोळ्याच्या तळ्यासाठी कारखान्याचा नकाशा बदलल्याचं आपल्याकडे कुणी ऐकलंय का?

तळ्याला जागा देणाऱ्या या डार्लिंग्टनने वेंडेल स्कॉटला मात्र १९६५ पर्यंत जागा दिली नाही. स्कॉट काळा होता.

वेंडेल स्कॉटचा जन्म १९२१ चा, गाव व्हर्जिनिया राज्यातलं डॅनव्हिल. टॅक्सी चालवली, दुसऱ्या महायुद्धात सैन्याच्या गाड्या दुरुस्त केल्या, परत येऊन गॅरेज टाकलं. रात्री दारूची वाहतूकही केली आणि त्यात पकडलाही गेला. म्हणजे पूर्वायुष्य ज्युनियर जॉन्सनसारखंच. १९५२ साली डॅनव्हिलच्या जत्रेच्या मैदानावरच्या आयोजकांना गर्दी वाढवायला एक काळा ड्रायव्हर हवा होता. त्यांनी चौकशी केली ती पोलिसांकडे : जोरात गाडी हाकणारा काळा माणूस कोण? पोलिसांनी स्कॉटचं नाव दिलं. तमाशा म्हणून बोलावलेला माणूस वीसेक वर्षं तिथून हलला नाही. वरच्या वर्गातल्या ४९५ शर्यतींत तो उतरला. त्याच्यामागे कंपनी नव्हती. गाड्या जुन्या, इतरांनी वापरून विकलेल्या. मेकॅनिक तो स्वतः आणि त्याची मुलं.

१ डिसेंबर १९६३, फ्लोरिडातलं जॅक्सनव्हिल. अर्ध्या मैलाचा मातीचा ट्रॅक, २०० फेऱ्या. स्कॉटची निळी शेवरले, नंबर ३४. शेवटच्या टप्प्यात रिचर्ड पेटीला मागे टाकून तो पुढे आला आणि पुढेच राहिला. २०० फेऱ्या झाल्या, पण चौकड्यांचा झेंडा काही पडेना. तो फिरत राहिला. झेंडा पडला तो बक बेकरसाठी. बेकर विजेत्याच्या जागी गेला, ट्रॉफी घेतली, फोटो झाले. स्कॉटने हरकत घेतली. काही तासांनी फेऱ्यांची मोजणी पुन्हा तपासली, तर स्कॉटने २०२ फेऱ्या मारलेल्या. बेकर त्याच्या दोन फेऱ्या मागे. तोवर मैदान रिकामं झालं होतं. स्कॉटला १००० डॉलर मिळाले. ट्रॉफी बेकरबरोबर गेली होती.

यावर नेहमी एक उत्तर दिलं जातं : त्या काळी मोजणी हातानेच होत असे, माणसं कागदावर फेऱ्या टिपत, चूक होणारच. उत्तर खोटं नाही. नॅसकारची अशा गाड्यांची पहिलीच शर्यत १९४९ ला शार्लटमध्ये झाली. पुढे आलेल्या ग्लेन डनवेच्या गाडीत मागच्या स्प्रिंगला दारूवाहतुकीची क्लृप्ती केलेली सापडली, म्हणून त्याला बाद करून जिम रोपरला विजेता ठरवलं. १९५९ च्या पहिल्या डेटोना ५०० मध्ये जॉनी बोशँपला विजेता म्हणून उभं केलं आणि तीन दिवस फोटो-चित्रफिती तपासून ली पेटीचं नाव जाहीर केलं. निकाल फिरणं या खेळात जुनंच आहे. पण पेटीच्या वेळी दुरुस्ती साऱ्या देशात छापून आली. स्कॉटच्या वेळी ती कागदावर झाली आणि कागदावरच राहिली. चूक मोजणीत झाली असेल, मी धरून चालतो. ट्रॉफी पुढची अनेक वर्षं पोचली नाही, ती मोजणीची चूक नव्हे. विजेत्याला त्या वेळी गोरी सुंदरी मिठी मारून बक्षीस देत असे. ते दृश्य लोकांसमोर नको होतं, असं स्कॉटचं स्वतःचं म्हणणं होतं. मला ते पटतं.

आपल्या गावच्या उरुसात किंवा जत्रेत कुस्त्यांचा फड बघितलेल्या माणसाला यातलं दुखणं लगेच कळेल. पाठ टेकली की निकाल सगळ्या गावाने बघितलेला असतो. पैलवान अहमद असो की आनंद, फेटा तिथेच बांधला जातो, इनाम तिथेच दिलं जातं, आणि हलगी त्याच्यासाठीच वाजते. तेच इनाम दुसऱ्या दिवशी घरी पाकिटातून पाठवलं तर पैलवान ते घेईल, पण जिंकला असं त्याला वाटणार नाही. गावाच्या आठवणीतही दुसराच राहील.

डॅनव्हिलला मी अर्धा दिवस होतो. हे शहर १८६५ च्या एप्रिलमध्ये गुलामगिरीसाठी लढणाऱ्या दक्षिणेच्या सरकारची शेवटची राजधानी होतं. ज्या हवेलीत ते सरकार आठवडाभर टेकलं, तिथला त्यांचा झेंडा नगरपालिकेने २०१५ मध्ये उतरवला. त्याच वर्षी जानेवारीत स्कॉटचं नाव शार्लटच्या नॅसकार हॉल ऑफ फेममध्ये गेलं होतं. तिथला तो पहिला काळा माणूस. झेंडा उतरल्यावर शहराभोवतीच्या खाजगी जमिनींवर तसले मोठमोठे झेंडे उभे राहिले. एका गल्लीत उतरवलेली गोष्ट दुसऱ्या गल्लीत चढते, हे आपल्याला नवीन नाही. तिथून जवळच मार्टिन्सव्हिलचा ट्रॅक आहे, कागदाच्या टाचणीसारखा लांबट. तिथे विजेत्याला माणसाएवढं उभं घड्याळ देतात. तिथले हॉट डॉग प्रसिद्ध आहेत. हलाल नसल्यामुळे आम्ही आपाने दिलेले कबाब-चपाती खाल्ले.

शार्लटची ६०० मैलांची शर्यत मात्र प्रत्यक्ष बघितली. ती संध्याकाळी सुरू होते आणि रात्री उशिरा संपते. पत्नी बरोबर होती, बुरख्यात. खरं सांगतो, आत शिरताना मनात धाकधूक होती. हाच तो खेळ, जिथे मैदानाच्या मधल्या जागेत कित्येक दशकं दक्षिणेचा झेंडा फडकत असे. बबा वॉलेस या काळ्या ड्रायव्हरने उघड मागणी केल्यावर, १० जून २०२० रोजी नॅसकारने तो बंद केला. आत दिसला नाही. बाहेर रस्त्यावर एका ट्रकवर दिसला. शर्यतीआधी पाद्र्याची प्रार्थना होते, सगळे टोपी काढून उभे राहतात. आम्हीही उभे राहिलो. असरची नमाज गाडीजवळ उरकली होती. मगरिबची वेळ शर्यतीच्या मध्येच आली. स्टँडमागे चटई टाकली तेव्हा बाजूच्या माणसाने काही न बोलता आपली बर्फाची पेटी सरकवून जागा केली. पेटीत काय होतं ते सांगायला नको.

तिथे ओळख करून घेताना नाव नंतर विचारतात. आधी विचारतात, तुझा ड्रायव्हर कोण? मी म्हणालो, चौतीस. तो खूश झाला, कारण ३४ नंबर त्या वर्षी मायकल मॅकडॉवेलकडे होता. मी म्हणालो, मॅकडॉवेल नाही, त्याच्या आधीचा. वेंडेल स्कॉट. तो क्षणभर गप्प झाला आणि म्हणाला, माझ्या आजोबांना तो आवडायचा, पण ते घरात बोलत नसत. ४१३ फेऱ्या झाल्या त्या रात्री, ६१९.५ मैल, इतकं लांब अंतर नॅसकारच्या कोणत्याच शर्यतीने कापलेलं नाही. आमचे कान दोन दिवस वाजत होते.

परतण्याआधी दूल्हाभाईंनी जॅक्सनव्हिलला नेलं. बघायला तिथे काही उरलेलं नाही, ट्रॅक केव्हाच बंद पडला. भाच्याने मोबाइलवर नकाशा लावला, आम्ही शहराच्या पश्चिमेला एक चक्कर मारली आणि डेटोनाच्या रस्त्याला लागलो.

डेटोनाचा ट्रॅक अडीच मैलांचा. वळणांचा चढ ३१ अंशांचा. गाडी जवळजवळ भिंतीवरच चालते. त्या चढाला लागलेली माती खणल्यावर मधोमध जो खड्डा पडला, त्याचंच आता तळं झालंय. २८ ऑगस्ट २०२१ रोजी इथे नॅसकारने स्कॉटच्या घरच्यांना जॅक्सनव्हिलची ट्रॉफी दिली. दुसऱ्या दिवशी स्कॉट शंभर वर्षांचा झाला असता. १९९० मध्येच तो वारला होता.

पाच आठवड्यांनी, ४ ऑक्टोबरला, टॅलाडेगाला पावसाने शर्यत थांबली तेव्हा बबा वॉलेस पुढे होता. स्कॉटनंतर वरच्या वर्गातला हा पहिला काळा विजेता. पावसाचा विजय काय खरा, म्हणून काहींनी नाकं मुरडली. ट्रॉफी त्याला त्याच दिवशी, तिथेच मिळाली.