हलकी रायफल

परवा माळा आवरताना जिम कॉर्बेटचं पुस्तक हाती लागलं, आणि आवराआवर तिथेच थांबली. लहानपणी वाटायचं, नरभक्षक मारायला केवढी अवजड बंदूक लागत असेल! तशी मोठी दुनळी रायफल त्याच्याकडे होतीही. पण कुमाऊँ-गढवालचे डोंगर दिवसभर पायी तुडवायचे तर खांद्याला हलकी .२७५ रिग्बीच बरी. गोळी जेमतेम ७ मिलिमीटरची, पण नेम पक्का. चंपावतच्या वाघिणीला १९०७ साली मारल्याबद्दल ती त्याला भेट मिळाली होती.

रुद्रप्रयागच्या बिबट्याने सव्वाशे माणसं खाल्ली होती. मे १९२६मध्ये, रात्री, टॉर्चच्या क्षणभराच्या उजेडात तो याच रायफलच्या एका गोळीने पडला.

छोट्या गोळीला चूक परवडत नाही. थांबावं, नीट बघावं लागतं. पुढे कॉर्बेटने हाती कॅमेरा घेतला. मला वाटतं, बघायची सवय आधीच लागली होती.