कोलारच्या खाणीपासून उटीच्या ढगापर्यंत

मागच्या वेळी आपण वैश्विक किरणांची ओळख करून घेतली. आज त्यांचा माग काढत दोन ठिकाणी जायचंय. आधी जमिनीखाली आणि मग ढगात.

पहिलं ठिकाण कर्नाटकातलं कोलार. इथल्या सोन्याच्या खाणी जगातल्या सर्वांत खोल खाणींपैकी होत्या. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे भौतिकशास्त्रज्ञ १९५० च्या दशकापासूनच तिथे मोजमापं करत होते. अवकाशातून येणारे प्रोटॉन हवेतल्या अणुकेंद्रांवर आदळतात आणि त्यातून पुढे म्यूऑन नावाचे कण तयार होतात. आत्ता या क्षणीही ते आपल्या अंगातून आरपार जातायत. खडकात खोल जावं तशी त्यांची संख्या घटते. ही घट मोजत मोजत १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला उपकरण सुमारे २७६० मीटर खोल नेलं. जवळजवळ दोन महिने ते चालू होतं. एकही म्यूऑन नोंदला गेला नाही.

हे शून्यच कामाचं ठरलं. म्यूऑनची गर्दी जिथे संपते, तिथे न्यूट्रिनो शोधता येतो. न्यूट्रिनो अख्खी पृथ्वी ओलांडून जातो आणि क्वचितच कशाला तरी धडकतो. धडकला, तर त्यातून एखादा म्यूऑन निघतो. तो आडवा जाताना दिसला, तर तो वरून आलेला नाही हे उघड आहे, कारण आडव्या दिशेला कित्येक किलोमीटर खडकच आहे. १९६५ मध्ये टाटा संस्था, जपानचं ओसाका सिटी विद्यापीठ आणि इंग्लंडचं डरहॅम विद्यापीठ यांच्या गटाला सुमारे २.३ किलोमीटर खोलीवर अशा नोंदी मिळाल्या. त्याच सुमारास दक्षिण आफ्रिकेतल्या सोन्याच्या खाणीत फ्रेडरिक राइनेस यांच्या गटालाही मिळाल्या. वातावरणात जन्मलेला न्यूट्रिनो माणसाने पहिल्यांदा टिपला तो असा, दोन खाणींत.

पुढे १९८० मध्ये कोलारला मोठा डाव मांडला. प्रोटॉन कधीतरी आपोआप फुटतो, असं काही सिद्धांत सांगत होते. ते बघायला १४० टन वजनाचा लोखंडी शोधक बसवला. काही संशयास्पद घटना दिसल्याही, पण इतरत्रच्या मोठ्या प्रयोगांनी त्यांना दुजोरा दिला नाही. प्रोटॉन फुटताना आजवर कुणालाच सापडलेला नाही. दरम्यान सोनं काढणं परवडेनासं झालं. १९९२ मध्ये प्रयोग आवरले आणि २००१ मध्ये खाणीही बंद झाल्या.

मग सामानाचं काय झालं? कोलारच्या शोधकातल्या लोखंडी नळ्या भंगारात गेल्या नाहीत, उटीला गेल्या. तिथल्या ग्रेप्स-३ प्रयोगात अशा सहा-सहा मीटर लांबीच्या ३७१२ नळ्यांमधून ५६० चौरस मीटरची म्यूऑन दुर्बीण उभी राहिली.

१ डिसेंबर २०१४ ला उटीवर वादळी ढग आला. १८ मिनिटांत म्यूऑनची नोंद सुमारे दोन टक्क्यांनी घटली. असं का व्हावं? म्यूऑन धन असतात आणि ऋणही, पण धन जास्त. ढगातल्या विजेच्या दाबाने एका जातीचे म्यूऑन वेग घेतात, दुसऱ्या जातीचे मंदावतात. धन मंदावले की दुर्बिणीची किमान ऊर्जेची अट गाठू न शकणारे जास्त होतात आणि एकूण आकडा खाली येतो. या घटीवरून उलट गणित मांडून ढगातला विद्युत दाब निघाला, १३० कोटी व्होल्ट! फुग्यांनी आणि विमानांनी तोवर मोजलेला सर्वांत मोठा दाब याच्या साधारण दहावा हिस्सा होता. आणि का नसावा? फुगा ढगातल्या एकाच वाटेने जातो, म्यूऑन मात्र अख्खा ढग एका वेळी भेदतात. इतका मोठा दाब असू शकतो, हे सी. टी. आर. विल्सन यांनी १९२० च्या दशकातच सुचवलं होतं. मोजून दाखवणारा निबंध २०१९ मध्ये आला.

या इतिहासातून आपण काय घ्यायचं? प्रोटॉनसाठी बनवलेल्या नळ्यांनी ढग मोजला, हे कुठल्याही प्रकल्पाच्या अर्जात लिहिता आलं नसतं. पण नळ्या हलवता येतात, खोली हलवता येत नाही. कोलारइतकी खोल प्रयोगशाळा आपल्याकडे पुन्हा झालेली नाही. तमिळनाडूत थेनीजवळ योजलेली न्यूट्रिनो वेधशाळा पर्यावरणाच्या आणि स्थानिकांच्या आक्षेपांमुळे अडली. ते आक्षेप हलके नाहीत. तरी सोनं संपलं म्हणून खाण मिटते, तेव्हा तिच्यासोबत आणखी काय मिटतं, हेही हिशेबात धरायला हवं.

चला, आता प्रश्न घेऊया.