ओढ्याचा नाला झाला तेव्हा

स्मरणिकेसाठी शाळेच्या आठवणी लिहा, असा निरोप आला तेव्हा मला वर्गाआधी आंबिल ओढा आठवला. आपल्यातली निम्मी मुलं रोज तो ओलांडून शाळेत येत. ‘बाई, ओढ्याला पाणी होतं’ ही उशिराची सबब पावसाळ्यात हमखास चाले. मी ती एकदा मार्चमध्येही वापरून पाहिली. परिणाम वर्गबंधूंना ठाऊक आहेच.

भूगोलाच्या सरांनी आठवीत आपल्याला पर्वतीवर नेलं होतं. जुनं पुणं नागझरी आणि आंबिल ओढा यांच्यामध्ये वसलेलं, हे त्यांनी वरून बोट फिरवून दाखवलं. कात्रजच्या डोंगरातून येणारा हा ओढा तेव्हा गावाला खेटून मुठेला मिळत असे. अठराव्या शतकात नानासाहेब पेशव्यांनी तो पश्चिमेकडे वळवला, कात्रजला तलाव बांधून भुयारी दगडी नळानं शहरातल्या हौदांत पाणी आणलं आणि पर्वतीच्या पायथ्याशी तळं केलं. तळ्यातल्या बेटावर सारसबाग आणि गणपती. पुढे तळं बुजलं, तिथे आजची बाग झाली. गणपती मात्र अजून ‘तळ्यातला’च. पुणेकर नाव सहसा सोडत नाही, पाणी सोडतो.

जुनी माणसं निसर्गाला हात लावत नसत, असं म्हणण्यात अर्थ नाही. ओढा वळवणं ही काही लहान ढवळाढवळ नव्हे. पण त्यांनी ओढ्याची वाट बदलताना त्याला दुसरी वाट दिली होती. शिवाय त्याच पाण्यावर हौद भरायचे, म्हणून कात्रजकडे लक्ष ठेवावंच लागे. घरात नळ आले आणि ही गरज संपली.

१२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटलं तेव्हा मी वर्षाचाही नव्हतो. आमचं नदीकाठचं घर गेलं. सहकारनगर, पर्वती, गोखलेनगर भागांत पूरग्रस्तांच्या वसाहती झाल्या आणि आम्ही सहकारनगरला आलो. मुठेच्या पुरातून उठलेली माणसं आंबिल ओढ्याच्या शेजारी राहायला आली, हे तेव्हा कुणाच्या मनात आलं नसावं. आई मात्र पावसाळ्यात रात्री उठून ओढ्याचा आवाज ऐकायची.

आपण दहावी होईपर्यंत तो ‘ओढा’ होता. नंतर कधीतरी सगळेच ‘नाला’ म्हणू लागलो. सांडपाणी त्यात आलं, काठची उंबरं गेली, घरांच्या खिडक्या दुसऱ्या बाजूला उघडू लागल्या. हा बदल कुणी हुकूम काढून केला नाही. ओढ्यात राडारोडा टाकला तर लोक विचारतात. नाल्यात टाकला तर कुणी विचारत नाही.

यात माझाही हात आहे. नव्वदच्या दशकात मी आमच्या सोसायटीच्या कमिटीवर होतो. मागे नाल्याकडची पट्टी ‘अशीच पडून’ होती. भराव टाकून, भिंत बांधून तिथे गाड्या लावायचा ठराव मी मांडला आणि टाळ्यांच्या गजरात मंजूर झाला. विरोध एकट्या आईचा, पण ती सभासद नव्हती.

२५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री कात्रजपासून दांडेकर पुलापर्यंत ओढा आपली जागा शोधत आला. शहर आणि परिसरात २० हून अधिक माणसं गेली. आमची भिंत टिकली. पाणी समोरच्या पत्र्याच्या घरांत शिरलं. आमच्याकडे पंधरा वर्षं पोळ्या करणाऱ्या मावशी तिथेच राहत. मुलांना घेऊन त्या वेळेवर बाहेर पडल्या, बाकी काही राहिलं नाही. दोन दिवसांनी आल्या तेव्हा त्यांनी विचारलं, ‘दादा, तुमच्याकडं पाणी कसं आलं नाही?’ मी पावसाबद्दल काहीतरी बोललो.

दिवाळीनंतरच्या सभेत भिंत आणखी चार फूट वाढवायचा ठराव आला. मी विरोधात हात वर केला. आम्ही तिघेच होतो.